गॅसमधला पारा काढायचा खर्च: कोटेशनात दिसतो तो आणि दिसत नाही तो

पारा काढायचा बेड घ्यायचा ठरला की खरेदी खात्याची नजर सगळ्यात आधी मीडियाच्या, म्हणजे पारा धरणाऱ्या दाण्यांच्या, किलोच्या भावावर जाते. तीन व्हेंडरांची कोटेशनं येतात, भाव शेजारीशेजारी मांडले जातात आणि कमीत कमी भावाला टिकमार्क होतो. पण या व्यवहारात मीडियाचा भाव हा सगळ्यात सोपा आकडा असतो आणि बऱ्याचदा तो लहानही असतो. खरे पैसे जातात ते पारा नीट न मोजल्यामुळे, बेड चुकीच्या जागी बसवल्यामुळे आणि काम झालेला, पारा प्यायलेला माल शेवटी कुठे न्यायचा हे आधी न ठरवल्यामुळे. हा लेख त्या पैशांविषयी आहे.

तो कोणाच्या उपयोगाचा? उरण, उसर, नागोठणे या पट्ट्यात गॅस हाताळणारे लोक, पुण्या-मुंबईच्या डिझाइन ऑफिसांत बसून आखाती आणि आग्नेय आशियाई देशांतल्या प्रकल्पांची ड्रॉइंग करणारे इंजिनिअर आणि अलीकडे वाढू लागलेले लहान एलएनजी प्रकल्पवाले. मार्च २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या विजयपूरला गेलचा लहान एलएनजी प्रकल्प सुरू झाला. पाइपलाइनपासून लांबच्या विहिरींचा गॅस जागेवरच द्रवरूप करून टँकरने न्यायचा, अशा योजना यापुढे वाढतील. अशा प्रकल्पाचं बजेट आखडतं असतं आणि पाऱ्याचा बेड ही त्यातली पटकन कात्री लावता येण्याजोगी बाब वाटते. ती तशी नाही.

आधी घरच्या गॅसचा प्रश्न निकालात काढू, कारण 'गॅसमध्ये पारा' म्हटलं की स्वयंपाकघराची काळजी वाटते. पाइप गॅस वापरणाऱ्या कुटुंबाला महिन्याला साधारण १५ घनमीटर गॅस लागतो. घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम पारा आहे असं मुद्दाम चढं गृहीत धरलं, तरी वर्षाला १.८ मिलिग्रॅम होतो. जुन्या तापमापीत अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो, म्हणजे शेकडो वर्षांच्या गॅसमधल्या पाऱ्याइतका. शिवाय दाभोळ किंवा दहेजला जहाजाने येणाऱ्या एलएनजीमधला पारा द्रवीकरणाआधीच काढलेला असतो, नाहीतर तिथला प्रकल्पच टिकला नसता. घरच्या जोडणीवर पाऱ्यासाठी काहीही बसवायची गरज नाही. फुटकी तापमापी मात्र जपून गोळा करा.

प्रकल्पाचं गणित वेगळं आहे, कारण तिथे रोज लाखो घनमीटर गॅस एकाच यंत्रातून जातो आणि ते यंत्र ॲल्युमिनियमचं असतं. गॅस थंड करून त्यातून इथेन, प्रोपेन किंवा एलपीजी काढायचा, किंवा सगळा गॅस उणे १६२ अंशांपर्यंत नेऊन द्रवरूप करायचा, तर कोल्ड बॉक्समध्ये ब्रेझ केलेला ॲल्युमिनियमचा हीट एक्स्चेंजर असतो. पारा उणे ३९ अंशांखाली गोठतो, त्यामुळे चालू प्रकल्पात तो आत घनरूपात साचत राहतो आणि काही करत नाही. शटडाउन घेतलं, बॉक्स गरम होऊ लागला, की तो वितळतो, खोलगट जागी जमतो आणि ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडच्या पातळ थराला जिथे चीर असेल तिथून धातूत शिरतो. हेडर आणि नोझलसाठी वापरला जाणारा, मॅग्नेशियम असलेला ५०८३ हा मिश्रधातू यात विशेष नाजूक. ताण असलेल्या वेल्डजवळ धातू ठिसूळ होतो आणि पूर्वसूचना न देता तडकतो.

अल्जीरियातल्या स्किकदाच्या एलएनजी प्रकल्पात १९७३ मध्ये असेच एक्स्चेंजर निकामी झाले आणि पाऱ्याचं प्रकरण गॅस उद्योगाने गंभीरपणे घ्यायला सुरुवात केली. तरीही तीस वर्षांनी, १ जानेवारी २००४ रोजी, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूम्बा इथे एक्स्चेंजरच्या तोंडाशी पाऱ्याने ठिसूळ झालेला ॲल्युमिनियम तडकला, गॅस सुटला आणि स्फोट होऊन आग लागली. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांच्या गॅसपुरवठ्याला कात्री लागली. खर्चाची तुलना करायची तर ती मीडियाच्या दोन भावांत नको, मीडिया आणि बंद पडलेला प्रकल्प यांच्यात करा. नवा एक्स्चेंजर ऑर्डर दिल्यापासून हाती यायला महिने लागतात आणि तेवढे महिने उत्पन्न शून्य असतं.

मोजणीवर कंजुषी नको

बेड किती मोठा, कुठल्या प्रकारचा, किती वर्षं चालेल, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर गॅसमध्ये पारा किती यावर अवलंबून. आणि नेमका हाच आकडा सगळ्यात जास्त वेळा चुकतो.

जगभरच्या गॅसमध्ये पाऱ्याचं प्रमाण कमालीचं वेगवेगळं सापडतं. काही क्षेत्रांत ते मोजणीच्या सीमेवर, घनमीटरला ०.०१ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या गॅसमध्ये ते १८० मायक्रोग्रॅमच्या घरात होतं. थायलंडचं आखात आणि इंडोनेशिया इथलीही काही क्षेत्रं पाऱ्यासाठी प्रसिद्ध आहेत. एकाच क्षेत्रातल्या दोन विहिरींत फरक पडतो, एकाच विहिरीत काळानुसार पडतो. त्यामुळे 'शेजारच्या ब्लॉकमध्ये पारा नव्हता' हा पुरावा धरू नका.

नमुना कसा घेतला जातो ते जवळून पाहिलं की पैसे कुठे जातात ते कळतं. पाइपच्या वरच्या अंगाला, मध्यापर्यंत आत गेलेला प्रोब लागतो. पाइपच्या कडेच्या टॅपिंगमधून घेतलेल्या नमुन्यात भिंतीवरचा ओलावा आणि गंज येतो. प्रोबपासून निघणारी नळी आतून निष्क्रिय लेप दिलेली हवी, कारण साध्या पोलादाला पारा चिकटतो. दाब उतरवताना गॅस एकदम थंड होतो, द्रव सुटतो आणि पारा त्या द्रवात निघून जातो. म्हणून रेग्युलेटर आणि नळी दोन्ही गरम ठेवावी लागतात. शेवटी गॅस बोटाएवढ्या काचनळीतून जातो. आत सोन्याचा मुलामा दिलेले कण असतात आणि पारा त्या सोन्याला धरून राहतो. प्रयोगशाळेत नळी तापवून तो सोडवतात आणि मोजतात. आयएसओ ६९७८ या मानकाच्या दुसऱ्या भागात सोने-प्लॅटिनमच्या मिश्रधातूवर पारा धरायची रीत आहे, पहिल्या भागात आयोडीनवर धरायची. कमी प्रमाणासाठी सोन्याची रीत घ्या.

नमुना साध्या स्टीलच्या सिलिंडरमध्ये भरून कुरिअरने प्रयोगशाळेत पाठवायचा, हा स्वस्त पर्याय कोणी सुचवला तर तो नाकारा. वाटेतच पारा सिलिंडरच्या भिंतीला लागतो आणि रिपोर्ट 'आढळला नाही' असा येतो. त्या रिपोर्टवर बेड रद्द झाला, तर वाचवलेल्या रकमेच्या कैक पट पुढे जाते. जागेवर माणूस आणि साधनं आणून, एका दिवसावर न थांबता काही दिवस, वेगवेगळ्या प्रवाहात नमुने घेणारा ठेकेदार महाग पडेल. तो खर्च करा. संपूर्ण प्रकल्पात याच्याइतकी फेड देणारी दुसरी बाब मला दिसत नाही.

एक सावधगिरी नव्या विहिरींबाबत. नवी पाइप, नवा सेपरेटर, नवं व्हेसल, सगळं पोलाद सुरुवातीला पारा पीत राहतं. चाचणी उत्पादनाच्या पहिल्या आठवड्यात खालच्या टोकाला मोजलेला आकडा म्हणून खोटा कमी येतो. भिंती भरल्या की महिन्यांनी पारा पुढे सरकतो. विहिरीच्या तोंडाशी मोजा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची तरतूद आत्ताच बजेटमध्ये टाका.

कागदावरचं गणित

आता एक उदाहरण घेऊ. दिवसाला १० लाख घनमीटर गॅस, ६० बार दाब, वर्षाला ३५० दिवस चालणारा प्रकल्प. यातले भाव मी हिशेबासाठी धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हे. तुमच्या कोटेशनातले आकडे त्या जागी घाला, रीत तीच राहील.

पारा घनमीटरला १० मायक्रोग्रॅम असेल, तर दिवसाला १० ग्रॅम आणि वर्षाला साडेतीन किलो. पारा इतका जड की साडेतीन किलो म्हणजे जेमतेम पाव लिटर. एवढ्यासाठी ५ घनमीटरचा, सुमारे ५ टन मीडियाचा बेड बसवला, असं समजा. व्हेंडर सांगतो, वजनाच्या १० टक्के पारा धरतो, म्हणजे ५०० किलो. बेडचा शेवटचा पट्टा कधीच पूर्ण भरू द्यायचा नसतो, म्हणून निम्मेच धरू, २५० किलो. भागाकार केला तर बेड ७० वर्षं पुरायला हवा.

अर्थात तो ७० वर्षं टिकत नाही. आधीच्या सेपरेटरमधून द्रव वाहून येतो, दाणे भिजतात, तुटतात, धूळ होते, प्रेशर ड्रॉप चढतो आणि मोठ्या शटडाउनमध्ये बेड बदलावा लागतो. म्हणजे कमी पाऱ्याच्या गॅसमध्ये बेडचं आयुष्य पारा ठरवत नाही, सेपरेटर ठरवतो. 'आमचा मीडिया १५ टक्के धरतो, त्यांचा १० टक्केच' ही जाहिरात अशा गॅससाठी निरर्थक आहे. तिथे जास्त पैसे द्यायचेच असतील, तर बेडच्या आधी चांगल्या कोअलेसर फिल्टरला द्या आणि दाण्याची दाबाखालची मजबुती विचारा.

आता तोच बेड ग्रोनिंगनसारख्या, १८० मायक्रोग्रॅमच्या गॅसवर लावा. दिवसाला १८० ग्रॅम, वर्षाला ६३ किलो, आणि २५० किलोचा बेड चार वर्षांत भरतो. इथे मात्र टक्क्यांना किंमत आहे. १० ऐवजी १५ टक्के धरणारा मीडिया चारऐवजी सहा वर्षं जाईल आणि दीडपट भाव दिला तरी परवडेल, कारण बेड उघडण्याचा आणि मालाची वासलात लावण्याचा खर्च तितक्या वेळा वाचतो.

खर्चाच्या मानाने बघा. मीडिया किलोला १,००० रुपये धरला तर बेडचा मीडिया ५० लाखांचा. चार वर्षांत १४० कोटी घनमीटर गॅस त्यातून जाईल. घनमीटरला अर्ध्या पैशाहूनही कमी पडला. भाव दुप्पट धरला तरी पैशाच्या आत.

प्रेशर ड्रॉप हा खर्च कोटेशनात कधीच रुपयांत लिहिलेला नसतो. वरच्या प्रकल्पात बेडवर ०.३ बार दाब गेला आणि तो कॉम्प्रेसरने भरून काढायचा असेल, तर साधारण साडेसात किलोवॅट लागतात. वर्षाला ६३ हजार युनिट, युनिट ८ रुपये धरलं तर ५ लाख. धूळ होऊन ड्रॉप १ बारवर गेला की तोच खर्च वर्षाला १६-१७ लाखांवर जातो. म्हणून व्हेंडरकडून स्वच्छ बेडचा ड्रॉप आणि बेड बदलायच्या वेळचा ड्रॉप, दोन्ही आकडे लेखी घ्या आणि तुलनेच्या तक्त्यात ते रुपयांत मांडा. स्वस्त पण ठिसूळ मीडिया या तक्त्यात बहुधा मागे पडतो.

बेड कुठे बसवायचा

मीडियाची निवड आणि जागेची निवड एकमेकींना बांधलेल्या आहेत. गंधक भरलेला सक्रिय कोळसा हा जुना आणि भावाला हलका पर्याय. त्यातल्या गंधकाशी पारा जोडला जातो आणि मर्क्युरी सल्फाइड होऊन बसतो. पण कोळशाची छिद्रं इतकी बारीक की ओल्या गॅसमधलं पाणी आणि जड हायड्रोकार्बन त्यांत भरतात, आणि द्रव हायड्रोकार्बन आला तर गंधक विरघळून पुढे जातं. म्हणून कोळसा लावायचा तर गॅस पूर्ण सुकवल्यावर, मॉलिक्युलर सिव्हच्या ड्रायरनंतर. तांब्याच्या सल्फाइडसारखे धातूच्या सल्फाइडचे दाणे ओल्या गॅसवर चालतात, त्यामुळे ते अगदी सुरुवातीला, सेपरेटरनंतर लगेच लावता येतात. भावाला ते चढे. तिसरा प्रकार म्हणजे चांदी दिलेला सिव्ह. तो आधीच्या ड्रायरमध्येच खालच्या थरात भरायचा, नवं व्हेसल लागत नाही, आणि ड्रायर तापवून पुन्हा वापरात आणताना पारा सुटून रीजनरेशन गॅसमध्ये जातो. वेगळं व्हेसल वाचलं म्हणून हा स्वस्त वाटतो, पण सुटलेला पारा धरायला त्या गॅसवर दुसरा लहान बेड किंवा कंडेन्सर लागतोच. तो धरूनच हिशेब करा.

कोळसा ड्रायरनंतर लावला तर कोल्ड बॉक्स वाचतो, हे खरं. पण त्याच्या आधीचं काय? पारा अमाइनमध्ये जातो, ग्लायकॉलमध्ये जातो, सिव्हमध्ये बसतो आणि सिव्ह तापवताना सुटतो. अमाइनमधून निघालेल्या आम्ल वायूच्या व्हेंटमधून हवेतही जातो. मग पुढच्या प्रत्येक शटडाउनला अमाइनचा गाळ, ग्लायकॉलचे फिल्टर, जुना सिव्ह, सगळंच पाऱ्याचा घातक कचरा ठरतं. त्या सगळ्याच्या वासलातीचा आणि ते व्हेसल उघडणाऱ्या माणसांच्या संरक्षणाचा खर्च जोडा, की सुरुवातीलाच बसवलेला महागडा सल्फाइड बेड स्वस्त दिसू लागतो. पारा लक्षणीय असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या सेपरेटरनंतर लगेच बेड, आणि पुढची सगळी यंत्रं स्वच्छ. पारा नगण्य असेल आणि फक्त कोल्ड बॉक्सच्या सुरक्षेसाठी खबरदारी घ्यायची असेल, तर ड्रायरनंतरचा कोळसा पुरेसा.

दोन व्हेसल एकापुढे एक लावायची की एकच? जास्त पाऱ्याच्या गॅसमध्ये दोन लावा. पहिलं पूर्ण भरू देता येतं, दुसरं राखण करतं, आणि पहिलं बदलताना प्रकल्प थांबत नाही. दिवसाला काही ग्रॅम पारा असेल तर दुसऱ्या व्हेसलवर पैसे घालू नका. बेडच्या मधोमध नमुना घ्यायचे टॅप मात्र एकाच व्हेसलमध्येही हवेतच, आणि ते नंतर पाडता येत नाहीत. फॅब्रिकेशनच्या ड्रॉइंगवर असतानाच ते पाहा. तीच गोष्ट बेडनंतरच्या डस्ट फिल्टरची. पारा धरलेली धूळ पुढे गेली तर ती कोल्ड बॉक्समध्येच जाते.

जुन्या प्रकल्पात नवा बेड लावणाऱ्यांनी एक गोष्ट मनात ठेवावी. बेडमधून बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये ०.०१ मायक्रोग्रॅम आला तरी पुढच्या जुन्या पाइपांनी वर्षानुवर्षं प्यायलेला पारा ते हळूहळू सोडतात. काही महिने कोल्ड बॉक्सच्या दाराशी आकडा वर राहील. तो दोष बेडचा नसतो. गॅरंटीवरून वाद नको असेल तर दोन्ही ठिकाणी मोजा.

मालाची वासलात

वरच्या जास्त पाऱ्याच्या उदाहरणात चार वर्षांनी ५ टन काळपट दाणे व्हेसलमध्ये आहेत. त्यांचं पुढे काय करायचं, हे आज ठरलेलं नसेल, तर त्या दिवशी मोलभाव करायला तुमच्या हाती काहीच नसतं.

भारतात हा माल २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांखाली येतो. जागेवर तो सर्वसाधारणपणे ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो, वाहतुकीसोबत फॉर्म १० चा मॅनिफेस्ट जातो आणि तो अधिकृत केंद्रावरच पोहोचावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. टेंडर काढण्याआधीच त्यांना लेखी विचारा: पारा असलेला मीडिया स्वीकारता का, किती टक्क्यांपर्यंत, आधीचं स्थिरीकरण कोण करणार, टनाला दर काय आणि पुढच्या चार वर्षांत तो कसा वाढेल. पाऱ्याचं प्रमाण जास्त असेल तर माल तापवून पारा वेगळा काढणाऱ्या खास कारखान्याकडे द्यावा लागतो. तो देशाबाहेर असेल तर बासेल कराराखालची पूर्वसंमती लागते, आणि त्या कागदपत्रांना वेळ लागतो. ९० दिवसांची मुदत आणि ही संमती यांचा मेळ शटडाउनच्या बराच आधी घालावा लागतो. काढलेला पारा विकून पैसे येतील, असं कोणी मांडत असेल तर तो आकडा तक्त्यातून काढा. भारताने २०१८ मध्ये मिनामाता करार स्वीकारला आहे आणि पाऱ्याच्या व्यापारावर त्याची बंधनं आहेत.

सगळ्यात बरा मार्ग म्हणजे माल परत घेण्याची जबाबदारी मीडिया विकणाऱ्यावरच टाकणं. काही पुरवठादार वापरलेला माल उचलून पारा आणि तांबं वेगळं करून देतात. कोटेशनात त्याचा दर टनाला वेगळा मागा. पारा किती टक्के भरला तर किती रुपये, असा स्लॅब मागा. 'वासलात: ग्राहकाची जबाबदारी' एवढी एक ओळ असलेलं स्वस्त कोटेशन अपुरं आहे, ते इतरांशी तुलनेला घेऊच नये.

आणि बेड उघडणारी माणसं. इथे मी कोणालाही खर्च कमी करायचा सल्ला देणार नाही. २० अंशांवर बंद जागेत सांडलेला पारा हवेत घनमीटरला सुमारे १३ मिलिग्रॅमपर्यंत वाफ सोडू शकतो, ३० अंशांवर त्याच्या दुपटीहून अधिक. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतली एसीजीआयएच ही संस्था सुचवते ती मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे कोकणातल्या उन्हात तापलेल्या व्हेसलमध्ये मर्यादेच्या हजार पट वाफ असू शकते आणि तिला वास नसतो. त्यातच सल्फाइडचे वापरलेले दाणे हवा लागली की आपोआप तापू शकतात, म्हणून ते नायट्रोजनखाली उपसतात. नायट्रोजन भरलेल्या व्हेसलमध्ये मास्कचं कुठलंही कार्ट्रिज, पाऱ्यासाठीचं खास कार्ट्रिजसुद्धा, जीव वाचवत नाही. बाहेरून हवेची नळी लावलेलाच मास्क हवा.

माणूस आत उतरवायचाच नाही, अशी रचना करता येते. तळाशी मोठं नोझल ठेवलं तर दाणे स्वतःच्या वजनाने ड्रममध्ये उतरतात, उरलेले वरून व्हॅक्यूमने ओढता येतात. हे नोझल नव्या व्हेसलमध्ये फार थोड्या पैशांत होतं, जुन्यात नंतर करता येणं जवळपास अशक्य. उपसणीच्या कंत्राटात वाफ मोजणारा हातातला मीटर सतत चालू असणं, कपडे आणि बूट कामाच्या जागीच सोडणं, आंघोळीची सोय, आणि कामाआधी व नंतर प्रत्येकाच्या लघवीतल्या पाऱ्याची तपासणी या बाबी वेगळ्या दराने लिहा. कंत्राटी कामगाराची तपासणी ठेकेदाराने करावी असं मोघम लिहिलं की ती होत नाही. दर तुम्ही द्या, रिपोर्ट तुम्ही मागा, आणि त्याची प्रत त्या कामगाराच्या हातात पडेल याची खात्री करा. बूट न बदलता घरी गेलेला माणूस पारा आपल्या मुलांच्या खोलीत नेतो.

कर आणि करार

नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे. मीडिया, व्हेसल, फिल्टर, नमुन्याची सेवा, वासलात, या सगळ्यांवर मात्र जीएसटी लागतो. तुम्ही फक्त गॅस विकत असाल तर या कराचं क्रेडिट मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. त्याच प्रकल्पातून एलपीजी किंवा प्रोपेनही विकत असाल, तर तेवढ्या हिश्श्याचं क्रेडिट मिळू शकतं. लेखापालाला ही वाटणी ऑर्डरच्या आधी करायला सांगा. आयात मीडिया आणि देशी मीडिया यांची तुलना करसहित रकमेवरच करा, कारण करआधीच्या रकमेवर पहिला आलेला पुरवठादार करसहित रकमेवर दुसरा येऊ शकतो.

गॅरंटीचं कलम मोघम ठेवू नका. 'पारा काढून टाकला जाईल' याला अर्थ नाही. घनमीटरला ०.०१ मायक्रोग्रॅम, बेडनंतरच्या कोणत्या टॅपवर, कोणत्या मानकाने, किती नमुन्यांची सरासरी, आणि त्या वेळी आत येणाऱ्या गॅसचं तापमान, दाब व पारा किती, हे सगळं एकाच परिच्छेदात असू द्या. व्हेंडर त्यात 'गॅसमध्ये द्रव नसल्यास' अशी अट घालेल, आणि ती रास्त आहे. द्रव नाही हे दाखवायची सोय, म्हणजे कोअलेसरच्या लेव्हलची नोंद, तुमच्याकडे हवी. मोजणारा ठेकेदार तिऱ्हाईत असावा. त्याचं बिल तुम्ही द्यावं, व्हेंडरने नव्हे.

पैसे देण्याचे टप्पे ठरवताना एक हिस्सा बेड सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या यशस्वी चाचणीपर्यंत रोखून ठेवा. सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या चाचणीपर्यंत आणखी थोडा. माल परत घेण्याचं कलम असेल तर त्यासाठी चार-पाच वर्षं टिकणारी बँक गॅरंटी मागा. तिची मुदत शटडाउनच्या तारखेपर्यंत नको, वासलातीचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंतची लिहून घ्या, कारण ड्रम गेटबाहेर पडल्यानंतरही ते प्रमाणपत्र यायला महिने जातात.